घरात माणसं दोन

फॉर्मवर एक रकाना होता, ‘घरात राहणाऱ्या व्यक्ती’. त्यात मी निळ्या शाईनं, अगदी वळणदार अक्षरात लिहिलं, ‘दोन’. आम्ही तिघं राहत होतो.

हे लिहिणारी बाई तेव्हा छत्तीस वर्षांची होती. बडोद्यातल्या एका मराठी शाळेत चौथीचा वर्ग घ्यायची, कुणी कुणाची पट्टी चोरली तर त्याला वर्गासमोर उभं करून खरेपणावर पंधरा मिनिटं बोलायची, आणि स्वतःला भलतीच हुशार समजायची. तिच्याबद्दल मी आता जे सांगणार आहे ते तिला मुळीच आवडणार नाही. तिच्या भिडेखातर मी पुष्कळ वर्षं गप्प बसले. आता मी आजी आहे, आणि आजीला कुणाची भीड नसते, स्वतःची तर नाहीच.

लग्नाला तेरा वर्षं झाली होती. दवाखाने करून झाले, उपास करून झाले, लोकांचे सल्ले ऐकून झाले. मग एके दिवशी आमचे हे मकरपुऱ्याहून कारखान्याच्या बसनं घरी आले, हातपाय धुतले आणि टॉवेलात तोंड ठेवूनच म्हणाले, “आपण एखादं मूल आणू या का?” तोंड टॉवेलात होतं म्हणूनच बोलू शकले असावेत. मी हो म्हटलं. इतक्या पटकन म्हटलं की दोघांनाही लाजल्यासारखं झालं.

गावातल्याच एका संस्थेत नाव घातलं, कागद भरले. मग निरोप आला की मे महिन्यात त्यांच्या एक बेन, म्हणजे कार्यकर्त्या बाई, घरी येतील. घर बघतील, आमच्याशी बोलतील, शेजारीपाजारी चौकशी करतील आणि अहवाल लिहितील. मूल द्यायचं की नाही ते त्या अहवालावर ठरणार.

एवढंच होतं. पण मास्तरणीच्या कानांनी ऐकलं ते वेगळंच. तिनं ऐकलं, तपासणी.

आमच्या शाळेत तपासणी असली म्हणजे आठ दिवस आधीपासून भिंतींना चुना, नवे तक्ते, फळ्यावर रंगीत खडूनं सुविचार. साहेबांनी प्रश्न विचारला की सगळ्यांनी हात वर करायचा. ज्याला येतं त्यानं उजवा, ज्याला येत नाही त्यानं डावा. वर्ग कसा उत्साही दिसायचा. आणि एक शेवटची युक्ती होती, ती कुणी मोठ्यानं बोलून दाखवत नसे. वर्गात चार-पाच कच्ची मुलं असायची. त्यांना आदल्या दिवशी बाजूला घेऊन हळूच सांगायचं, “उद्या नाही आलास तरी चालेल हं.” मुलं खूश व्हायची. निदान मी तसं समजत होते.

आमच्या घरात कच्चं मूल एकच होतं. सासूबाई.

त्या बहात्तर वर्षांच्या होत्या. सासरे राजवाड्याच्या दफ्तरात कारकून होते. ते गेल्यावर त्यांनी पोळातलं, म्हणजे जुन्या शहरातल्या बोळातलं, दोन मजली घर आणि स्वतःचं सोवळं, दोन्ही एकटीनं सांभाळलं. घर त्यांच्या नावावर होतं हेही आत्ताच सांगून टाकते, म्हणजे पुढं कुणाला माझी बाजू घ्यावीशी वाटायला नको. सकाळी धाबळी नेसून स्वयंपाक, तो होईपर्यंत कुणी त्यांना शिवायचं नाही. पाणी प्यायचं फुलपात्र वेगळं, बसायचा पाट वेगळा. मुलाचा विषय काढला तेव्हा म्हणाल्या होत्या, “कुणाचं, कुठलं, काही माहीत नाही. उद्या माझ्या सोवळ्याला हात लावेल ते पोर.”

“मग नको का आणायला?” यांनी विचारलं.

“नको कुठं म्हटलं मी? मला पटत नाही एवढंच म्हटलं. तुमचं तुम्ही बघा.”

‘पटत नाही’ आणि ‘नको’ यांतला फरक तेव्हा माझ्या डोक्यात शिरला नाही. आणि मी व्याकरण शिकवत होते.

तर, तयारी. खालच्या खोलीला पोपटी डिस्टेंपर दिला. मांडवीतून पाळण्यावर टांगायचं रंगीत चिमणाळं आणलं. एक दोनशे पानी वही घेतली, तिच्यात डावीकडे प्रश्न लिहिले, उजवीकडे उत्तरं. रोज संध्याकाळी हे आले की चहाबरोबर उजळणी.

“मूल हट्ट करेल तेव्हा काय कराल?”

“समजावून सांगेन.”

“प्रेमानं.”

“हां. समजावून सांगेन, प्रेमानं.”

“प्रेमानं आधी म्हणा ना. मागून चिकटवल्यासारखं वाटतं.”

“अगं, मी लेथवर काम करतो. तिथं प्रेमानं हा शब्द वर्षभरात लागत नाही. एकदम कसा यायचा तोंडात?”

यांना मी काठावर पास धरलं. पण सासूबाईंना काय पढवणार? त्यांना एकदा विचारलं की त्या उत्तर देत, आणि ते खरं असे. त्या बेनपुढं सोवळ्याचा, रक्ताचा विषय काढतील, आणि आमचं मूल दारातूनच परत जाईल, असं मला स्वप्न पडायचं. म्हणून फॉर्मवर मी ‘दोन’ लिहिलं, आणि भेटीच्या आदल्या दिवशी त्यांना म्हटलं, “आई, वन्संना कैरीचं लोणचं घालायचंय. तुमच्याशिवाय जमत नाही म्हणत होत्या. उद्या जाता का? संध्याकाळी हे न्यायला येतील.”

माझी नणंद सुभानपुऱ्याला टेनामेंटमध्ये राहायची. तिच्याकडे फोन होता, आमच्याकडे नव्हता. कोपऱ्यावरच्या पीसीओत जाऊन तिला कल्पना द्यायची, असा माझा बेत होता. दोनदा लावला, दोनदा लागला नाही, मागं रांग होती. मी म्हटलं, जाऊ दे, आई दारात आल्यावर लेक काय हाकलणार आहे? आणि घरी आले. तपासणीच्या तयारीत ही एवढी एक ओळ राहिली.

सकाळी साडेआठला सासूबाई रिक्षात बसल्या. मोहरी, मेथी, हिंग सगळं घरून बांधून घेतलं होतं. लेकीनं बोलावलं म्हणून खुशीत होत्या. “माझी वाट बघू नका जेवायला,” म्हणाल्या.

रिक्षा वळली आणि मी कामाला लागले. खालच्या खोलीत त्यांचा पलंग. वातावरच्या तेलाची बाटली, कवळी ठेवायची वाटी, जपाची गोमुखी, अंगाऱ्याची डबी, पाट, फुलपात्र, सगळं एका टोपलीत भरून माळ्यावर. दांडीवरचं नऊवारी आणि धाबळी ट्रंकेत. पलंगावर हत्तींच्या चित्रांची चादर, वर चिमणाळं. झाला बाळाचा कोपरा तयार. तेलाचा वास तेवढा जाईना, म्हणून दोन उदबत्त्या लावल्या.

हे दारात उभे होते. “संध्याकाळी सगळं परत लावशील ना?”

“लावीन हो.”

पुढं न बोलण्यात आमचे हे फार तरबेज होते.

बेन दहाला आल्या. माझ्याच वयाच्या, सुती साडी, खांद्याला पिशवी. गुजराती होत्या, पण पोळात मराठी शेजाराजवळ वाढलेल्या, त्यामुळे दोन्ही भाषा एकाच वाक्यात. “घर तो सरस आहे हां तुमचं,” म्हणाल्या. “बाळ कुठं झोपेल?”

“इथं,” मी म्हटलं आणि चिमणाळ्याला बोट लावलं. ते गोल फिरलं.

“आणि घरात बीजुं कोण? कुणी वडील माणूस नाही?” त्यांनी फॉर्मवर बोट ठेवलं.

“नाही. आम्ही दोघंच.”

हे खिडकीबाहेर बघायला लागले. हे उत्तर वहीत होतं, पण तेवढं एक पाठ करायला त्यांनी नकार दिला होता.

“मग तुम्ही शाळेत जाल तेव्हा बाळ कोणापाशी?”

मी रजेचं काहीतरी सांगत होते, एवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि सासूबाई उतरल्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात कैऱ्यांनी गच्च भरलेली पिशवी. झालं होतं असं की वन्संनी बाजारातली लोणच्याची बरणी दाखवून विचारलं, “कसलं लोणचं?” मग सासूबाईंनीच ठरवलं की सुनेला काहीतरी चुकीचं कळलंय, आता कैऱ्या घेऊन घरीच घालू. हे मला नंतर कळलं.

हे ताडकन उठले. “आ...” एवढं तोंडातून गेलं, मग माझ्याकडे बघून त्यांनी ते वळवलं, “आ...त या.”

सासूबाईंनी बेनकडे पाहिलं. त्यांच्या मांडीवरच्या फाईलकडे पाहिलं. मग पलंगाकडे, हत्तींच्या चादरीकडे, वर फिरणाऱ्या चिमण्यांकडे. मग माझ्याकडे. किती वेळ ते सांगता येत नाही. चिमणाळं थांबेपर्यंत.

“मी शेजारची,” त्या बेनना म्हणाल्या. “हिच्यासाठी कैऱ्या आणल्या होत्या.” आणि पिशवी माझ्या हातात दिली.

“आवो ना बा, बसा,” बेननी त्यांना खुर्ची पुढं केली. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या, परक्या घरी बसतात तशा. बेननी मला पाणी आणायला सांगितलं. मी पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासात पाणी आणलं. आयुष्यात त्या ग्लासाला त्यांनी तोंड लावलं नव्हतं. त्यांनी तो हातात घेतला आणि सगळा प्यायल्या.

“बा, यांना किती वर्षं ओळखता?”

“लग्न होऊन आली तेव्हापासून.”

“कशा आहेत स्वभावानं?”

“तापट आहे. बोलण्यात कुणाला हार जात नाही. पण मागच्या वर्षी मी पडले, मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तीन महिने माझं सगळं हिनं केलं. वेणीसुद्धा घालायची.” मग जरा थांबून म्हणाल्या, “शेजारधर्म म्हणून.”

“आणि भाई?”

सासूबाईंनी आपल्या एकुलत्या एक मुलाकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं. “गरीब आहे. लहानपणी फार रडका होता म्हणतात.”

बेन हसल्या. हेही हसले, आणि त्यांचे कान लाल झाले.

“तुमचं घर कोणतं, बा?”

“हे काय, इथंच.”

बेननी चार ओळी लिहिल्या आणि कागद पुढं केला. शेजाऱ्यांचं मत, खाली सही. आमचं आडनाव सासूबाईंनी लिहिलं असतं तर मी तिथंच पकडले गेले असते. मला ते त्या क्षणी सुचलंसुद्धा नाही. त्यांना सुचलं. पेन घेऊन त्यांनी माहेरचं नाव लिहिलं, पंचावन्न वर्षांत कुठल्याही कागदावर न लिहिलेलं. एकेक अक्षर काढत होत्या, मध्येच थांबत होत्या, जणू पुढचं आठवत नाही.

मी थांबवू शकले असते. एक वाक्य पुरलं असतं. मी रिकामा ग्लास उचलून आत गेले.

“बरं, येते मी,” त्यांचा आवाज आला. शेजारीण म्हटल्यावर तिला तिच्या घरी जायलाच हवं होतं.

बेननी मग वरची खोली बघितली, गच्ची बघितली, चहा घेतला आणि गेल्या. नंतर मी सासूबाईंना शोधायला निघाले. पोळाच्या तोंडाशी पिठाची गिरणी होती, तिच्या बाकावर त्या बसल्या होत्या. उडणाऱ्या पिठानं साडी, भुवया, काठीची मूठ, सगळं पांढरं झालं होतं.

“गेल्या?” त्यांनी विचारलं.

“गेल्या.”

“मग येऊ का घरी?”

हे त्यांनी चेष्टेत म्हटलं की कसं, ते मला आजतागायत कळलेलं नाही. मी त्यांचा हात धरला, तर म्हणाल्या, “सोड, पीठ लागेल तुला.”

मला वाटलं होतं की आता घरात रामायण होणार. काहीच झालं नाही. माळ्यावरची टोपली उतरली, धाबळी दांडीवर आली, कैऱ्यांचं लोणचं झालं. फक्त सासूबाईंना एक नवा खेळ सापडला. स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणायच्या, “अहो बाई, वाटीभर विरजण मिळेल का?” नळाशी उभ्या राहून, “तुमच्याकडे बरं इतका वेळ पाणी येतं हो.” हे हसायचे. मीही हसायचे, दुसरं करणार काय? पण एका दुपारी त्या आपल्याच पलंगापाशी उभ्या होत्या, आणि मला म्हणाल्या, “इथं जरा टेकू का?”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. त्या हसत नव्हत्या.

दुसऱ्या दिवशी मी संस्थेत गेले. मे महिन्याची सुट्टी होती, कुणाला काही सांगावं लागलं नाही. रस्ताभर मला एकच दिसत होतं, की हे सांगितलं की मूल गेलं. बेन कागदांत होत्या. मी बसायच्या आधीच बोलून टाकलं, “त्या दिवशीच्या कैऱ्यावाल्या बा माझ्या सासूबाई आहेत. घरातच राहतात. घर त्यांचंच आहे.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “असं शा माटे? काय म्हणून?”

“वाटलं, त्या काहीतरी बोलतील.”

“काय बोलतील?”

“खरं.”

बेननी फाईल पुढं ओढली. मग म्हणाल्या, “खोटं लिहायला लावलंत ते एक. पण त्यांच्या स्वतःच्या घरात मी त्यांना ‘बसा’ म्हटलं. ते तुम्ही मला म्हणायला लावलंत.” त्यांनी अहवाल काढला आणि पानावर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढली, आम्ही मुलांच्या वहीत ओढतो तशी. “आता तुमचं नाव सगळ्यांच्या मागं. पुन्हा येईन, पण सांगून नाही येणार.”

घरी येऊन सांगितलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. “कशाला गेलीस?” म्हणाल्या. “माझी सही फुकट गेली.”

सहा महिने कुणी आलं नाही. प्रत्येक वेळी दार वाजलं की मी केस सारखे करायची, आणि दारात भाजीवाली. दिवाळी झाली. मग एका रविवारी सकाळी बेन आल्या, तेव्हा माझ्या डोक्याला तेल थापलेलं, हे बनियनवर, खाटेवर धुवायच्या कपड्यांचा ढीग, आणि सासूबाई धाबळी नेसून चुलीपाशी.

“लांबून हं,” त्या आतूनच म्हणाल्या. “शिवू नका, सोवळ्यात आहे. मागच्या वेळी शेजारीण होते म्हणून चाललं.”

बेन उंबऱ्यातच थबकल्या. मग त्यांना असं हसू फुटलं की पिशवी खाली ठेवावी लागली. हसून झाल्यावर आम्हाला म्हणाल्या, “तुम्ही दोघं बाहेर बसा. मला बांशी बोलायचंय.”

आम्ही बाहेर ओट्यावर बसलो, तेल लावलेली मी आणि बनियनमधले हे. येणारे-जाणारे विचारत होते, “काय, घरातून काढलं का?” आतून फोडणीचा आवाज आला, मग नुसती कुजबुज, मग तीही नाही. वही घरात होती आणि तिचा काही उपयोग नव्हता.

बेन बाहेर आल्या. “बांना पटत नाही,” म्हणाल्या. “तसंच लिहिलंय मी.”

यांनी विचारलं, “मग?”

“मग काय? बा म्हणतात, आणायचं तर पावसाळ्याच्या आत आणा. नंतर दुपटी वाळत नाहीत.”

मार्चमध्ये मुलगी आली, सात महिन्यांची. रांगायला लागली तशी चुलीकडे धाव घ्यायची आणि धाबळीचं टोक धरून उभी राहायची. सासूबाई तिला काही म्हणायच्या नाहीत; पुन्हा अंघोळ करायच्या. दिवसाला तीन-तीन अंघोळी झाल्या. महिनाभरानं म्हणाल्या, “नळाला पाणी एक वेळ येतं, पुरवायचं कुठून?” आणि सोवळं बंद केलं. पाण्यावर ढकललं, आणि आम्हीही ते तसंच मानलं.

मुलीला ही सगळी हकीकत मी गेल्या वर्षी सांगितली. ती आता स्वतः एका मुलीची आई आहे. ‘आत या’पाशी ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग हळूहळू थांबली.

“म्हणजे मला आणायला तू आजीला घराबाहेर काढलंस?”

“हो.”

“आणि ती गिरणीपाशी बसून राहिली. मे महिन्यात. किती वेळ?”

“असेल वीस-पंचवीस मिनिटं,” मी म्हटलं.

बेन गेल्यावर मी आधी दार लावून घेतलं होतं. तपासणी छान झाली म्हणून यांच्यासाठी आणि माझ्यासाठी पुन्हा चहा टाकला होता, वही काढून कोणकोणते प्रश्न आले त्यांच्यावर खुणा केल्या होत्या. मग कैऱ्यांची पिशवी दिसली तेव्हा मला त्यांची आठवण झाली. सव्वा तास झाला होता.